गरोदरपणात खुबा दुखतो तेव्हा...

सातारा/सांगली, प्रतिनिधी : गरोदर स्त्रीने कंबर दुखते, मांडी भरून येते, जांघेत कळ येते अशी तक्रार केली, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे उत्तर ठरलेले असते. ‘दिवस भरत आलेत, दुखायचंच!’ बहुतेक वेळा हे उत्तर बरोबरही असते. पोटाचा भार वाढतो, कमरेचे स्नायुबंध सैल होतात, चालण्याची ढब बदलते आणि त्यातून उद्भवणारे दुखणे बाळंतपणानंतर ओसरते. परंतु या नेहमीच्या दुखण्यांच्या गर्दीत एक वेगळे दुखणे लपलेले असू शकते. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर एका बाजूच्या जांघेत दुखू लागते, पाऊल टेकवताना कळ येते, दोन-तीन आठवड्यांत ती स्त्री उघडउघड लंगडू लागते आणि विश्रांती घेतली की दुखणे बरेचसे थांबते. अशा वेळी खुब्याच्या हाडातील कॅल्शियम तात्पुरते कमी झालेले असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते.

वैद्यकीय भाषेत या विकाराला ‘ट्रान्झियंट ऑस्टिओपोरोसिस ऑफ द हिप’ म्हणतात. मराठीत ‘खुब्याच्या हाडाचा तात्पुरता ठिसूळपणा’ म्हणता येईल. विकार दुर्मीळ आहे आणि त्याचा स्वभाव काहीसा चमत्कारिक आहे. पायावरचा भार वेळीच कमी केला तर तो काही महिन्यांत आपोआप बरा होतो आणि मागे खूणही ठेवत नाही. भार कमी केला नाही, तर तेच हाड साध्या ठेचेने किंवा ठेच न लागताही मोडू शकते. दुखण्याकडे दुर्लक्ष करण्याने जसे नुकसान होते, तसेच उलट्या चुकीनेही होते. एमआरआयचा अहवाल घाईने वाचला गेला, खुब्याचा रक्तपुरवठा थांबल्याचे निदान झाले, तर पंचविशीतील तरुणीच्या मनात शस्त्रक्रियेची आणि पुढेमागे खुबा बदलण्याची धास्ती बसते. प्रत्यक्षात तिला गरज असते ती कुबड्यांची आणि थोड्या धीराची.

हाड का विरघळते?

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खळगीत बसते. या चेंडूच्या खाली हाडाची निमुळती मान असते. उभे राहताना आणि चालताना शरीराचा सगळा भार या मानेवरून खाली उतरतो. चालताना एक पाय उचलला जातो, त्या क्षणी टेकलेल्या पायाच्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट दाब येतो, कारण तोल सावरणाऱ्या स्नायूंची ओढही त्याच सांध्यावर पडते. म्हणजे गरोदरपणात वजन दहा किलोने वाढले, तर प्रत्येक पावलागणिक खुब्यावरचा दाब पंचवीस ते तीस किलोने वाढतो. निरोगी हाडाला त्याचे काही वाटत नाही. ठिसूळ झालेल्या हाडाला वाटते.

या विकारात चेंडू आणि मान या भागातील अस्थिमज्जेत पाणी साचल्यासारखी सूज येते आणि तेथील खनिजे कमी होतात. सांध्याचे कूर्चेचे आवरण मात्र शाबूत राहते. म्हणूनच हाड पुन्हा भरून आल्यावर सांधा पूर्ववत काम करू लागतो.

अमेरिकेतील कर्टिस आणि किंकेड या डॉक्टरांनी १९५९ मध्ये तीन गर्भवती स्त्रियांची हकीकत ‘जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा विकार गरोदरपणाशी जोडला गेला. त्या काळी हाती केवळ क्ष-किरण छायाचित्र होते. पुढे एमआरआय आले आणि १९८८ मध्ये विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जेतील ही सूज दाखवून दिली. ती नेमकी कशामुळे येते, यावर मात्र अजून एकमत नाही. गर्भाशयाच्या दाबामुळे जांघेतील शिरा व मज्जातंतूंवर येणारा ताण, हाडाच्या आत झालेल्या अतिसूक्ष्म भेगा, रक्ताभिसरणातील स्थानिक बिघाड, आधीपासूनच हाडांची घनता कमी असणे अशी वेगवेगळी कारणे मांडली जातात. विशेष म्हणजे हाच विकार चाळिशी ते साठीच्या पुरुषांनाही होतो. तेव्हा केवळ ‘बाळाने आईचे कॅल्शियम ओढून घेतले’ एवढ्यावर त्याचा उलगडा होत नाही.

बाळ कॅल्शियम घेते हे खरेच आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या शरीरात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातील बहुतांश शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून जाते. पण आईच्या सांगाड्यातील साठा सुमारे एक किलोचा असतो आणि गरोदरपणात तिचे आतडे अन्नातून नेहमीच्या जवळपास दुप्पट कॅल्शियम शोषू लागते. निसर्गाने ही तजवीज केलेली आहे. शिवाय कॅल्शियमची एकूण टंचाई हेच कारण असते, तर दोन्ही खुबे आणि पाठीचा कणा सारखेच दुखायला हवे होते. या विकारात बहुधा एकच खुबा दुखतो. क्वचित दुसराही दुखतो, तोही पाठोपाठ.

पाठीच्या कण्याचा विकार वेगळा आहे. गरोदरपणाच्या अखेरीस किंवा अंगावर पाजण्याच्या पहिल्या काही महिन्यांत मणके दबून पाठीत तीव्र कळा येण्याचा प्रकार नॉर्डिन आणि रोपर यांनी १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवला होता. त्याचे उपचार आणि स्तनपानाविषयीचा सल्ला निराळा असल्याने दोन्हींची गल्लत होता कामा नये.

लंगडणे हीच खूण

सामान्य कंबरदुखी पाठीच्या खालच्या भागात, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना असते. ओटीपोटाच्या खाली, पुढच्या बाजूस जघनास्थींचा सांधा सैल झाला, तर कूस बदलताना, पाय फाकवताना किंवा एका पायावर उभे राहून सलवार घालताना दुखते. सायटिकाची कळ नितंबातून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत जाते आणि सोबत मुंग्या येतात. खुब्याच्या दुखण्याची जागा वेगळी असते. ते जांघेत आणि मांडीच्या पुढच्या बाजूस असते आणि अनेकदा गुडघ्यापर्यंत उतरते. रुग्ण गुडघाच दाखवते आणि गुडघ्याचाच फोटो काढला जातो, हा अस्थिरोगतज्ज्ञांच्या नित्याच्या अनुभवातला फसवा प्रकार आहे.

महत्त्वाची खूण म्हणजे दुखणे भाराशी बांधलेले असते. पलंगावर पडले की उतरते, उभे राहिले की चढते. डॉक्टरांनी पाय हलवून पाहिला तर तो बऱ्यापैकी सगळीकडे फिरतो, फक्त टोकाला कळ येते. ताप नसतो, वजन घटत नाही, रात्री घाम येत नाही. ही लक्षणे असतील तर प्रश्न निराळा होतो. सांध्यातील पू किंवा खुब्याचा क्षय यांचा विचार आधी करावा लागतो, आणि आपल्याकडे क्षयाची शक्यता नजरेआड करून चालत नाही.

सासरची फाइल, माहेरचे डॉक्टर

या विकाराला आपल्या भागात आणखी एक अडचण आहे आणि ती वैद्यकीय पुस्तकांत सापडत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत अजून चांगलीच टिकून आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि लेक माहेरी येते. नेमक्या याच सुमारास, म्हणजे शेवटच्या तिमाहीत, हा विकार डोके वर काढतो. सातारची सून सांगलीला माहेरी आली, तर सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या या प्रवासात तिचे डॉक्टर बदलतात. जांघेत दुखायला सुरुवात साताऱ्यात झालेली असते. तेथील डॉक्टरांना ती किरकोळ वाटलेली असते. सांगलीतील डॉक्टर तिला प्रथमच पाहतात, तेव्हा ती कराड, पेठ नाका असा महामार्गावरचा प्रवास करून आलेली असते आणि लंगडणे प्रवासाच्या शिणावर ढकलले जाते. दुखणे कधी सुरू झाले, कसे वाढले, याची साखळी तुटते. निदानाचा निम्मा भाग तर त्या साखळीतच असतो.

फाइल सोबत नेली जाते, पण तिच्यात रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी एवढेच असते. ‘डाव्या जांघेत दुखते, चालताना वाढते, अमुक तारखेपासून’ असे एक वाक्य सासरच्या डॉक्टरांकडून लिहून घेतले, तर माहेरच्या डॉक्टरांचे काम निम्म्याने हलके होईल. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालये व आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. तेथेही पोटाच्या तपासणीबरोबर ‘जरा चार पावले चालून दाखवा’ एवढे सांगितले, तर लंगडणारी स्त्री नजरेतून सुटणार नाही. त्याला ना यंत्र लागते ना खर्च.

एमआरआयची भीती

क्ष-किरण छायाचित्रात हाड विरळ झालेले दिसायला दुखणे सुरू झाल्यापासून तीन ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे सुरुवातीचा फोटो साफ आला म्हणजे काही नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय पोटात बाळ असताना क्ष-किरण नको, ही भावना स्वाभाविक आहे. खुब्याच्या एका छायाचित्रातून बाळापर्यंत पोहोचणारा किरणोत्सर्ग अपाय करणाऱ्या पातळीच्या पुष्कळ खाली असतो. गरज असेल तर तो काढता येतो. तरीही येथे खरा उपयोग एमआरआयचा आहे.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांवर हे यंत्र चालते. गरोदरपणात आवश्यकतेनुसार ही तपासणी करण्यास तज्ज्ञ संस्थांची मान्यता आहे. अट एकच. शिरेतून दिले जाणारे गॅडोलिनियमचे औषध टाळावे, आणि या निदानासाठी त्याची गरजही पडत नाही. शेवटच्या महिन्यांत फार वेळ उताणे पडल्यास पोटातील मोठ्या रक्तवाहिनीवर गर्भाशयाचा दाब येऊन चक्कर येऊ शकते; म्हणून डाव्या कुशीकडे थोडे कलते ठेवण्याची विनंती तंत्रज्ञाला अवश्य करावी.

सातारा, कराड, सांगली आणि मिरज या चारही शहरांत आता एमआरआयची सोय आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभे केल्यापासून मिरज ही दवाखान्यांचीच नगरी झाली. तेथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडमध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि साताऱ्यातही २०२१ नंतर शासकीय महाविद्यालय सुरू झाले. तेव्हा यंत्राची किंवा तज्ज्ञांची वानवा आहे, असे म्हणता येणार नाही. खोळंबा होतो तो तपासणीपर्यंत पोहोचण्यात.

अहवाल वाचताना मुख्य प्रश्न असतो तो ‘एव्हीएन’चा, म्हणजे रक्तपुरवठा थांबून खुब्याचे हाड मृत होण्याचा. करोनाच्या साथीत स्टिरॉइड घेतलेल्या काही रुग्णांना हा विकार झाल्याच्या बातम्या २०२१ मध्ये मुंबईतून आल्या आणि हे तीन अक्षरी नाव घराघरांत पोहोचले. दोन्हींत मज्जेची सूज दिसू शकते. एव्हीएनमध्ये चेंडूच्या वरच्या भागात, कूर्चेच्या लगत, सीमारेषा आखल्यासारखा मृत हाडाचा तुकडा दिसतो. तात्पुरत्या ठिसूळपणात सूज चेंडूपासून मानेपर्यंत सर्वत्र पसरलेली असते आणि असा वेगळा तुकडा नसतो. शंका राहिली तर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करून पाहणे हे घाईने छेद घेण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे आहे.

रक्ततपासणीबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. रक्तातील ‘ईएसआर’ गरोदरपणात एरवीही वाढलेला असतो आणि ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ वारेमुळे वाढते. हे आकडे लाल अक्षरांत छापून आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची पातळी मात्र पाहून घ्यावी.

उपचार म्हणजे भार उतरवणे

निदान झाल्यावर रुग्णाची आणि नातेवाइकांची पहिली अपेक्षा असते ती औषधाची. येथे मुख्य उपचार औषध नाही. दुखऱ्या पायावर भार पडू न देणे हाच उपचार आहे, आणि तो औषधापेक्षा अवघड आहे.

त्यासाठी कोपराच्या आधाराच्या कुबड्या किंवा वॉकर वापरावा लागतो. पोट पुढे आल्याने तोल बदललेला असतो, म्हणून अनेक स्त्रियांना वॉकर अधिक सुरक्षित वाटतो. काखेतील कुबड्या घेतल्या तर शरीराचे ओझे तळहातांवर घ्यावे, काखेवर लोंबकळू नये. काखेतील मज्जातंतू दबून हाताला मुंग्या येतात. दुखणे उतरल्यावर एका काठीवर येता येते आणि तेव्हा हमखास एक चूक होते. काठी दुखऱ्या बाजूला धरली जाते. ती उलट हातात धरायची असते. डावा खुबा दुखत असेल तर काठी उजव्या हातात, म्हणजे डावे पाऊल टेकताना भार काठीकडे झुकतो. जिना चढताना आधी चांगला पाय वर ठेवावा, उतरताना आधी दुखरा पाय आणि काठी खाली ठेवावी. हे सारे फिजिओथेरपिस्टकडून एकदा समक्ष शिकून घेणे उत्तम.

घरात काही बदल अपरिहार्य आहेत. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे बंद करून कमोडची खुर्ची ठेवावी. पाटावर बसून भाकऱ्या थापणे, जमिनीवर अंथरूण घालून झोपणे, बादल्या वाहणे, दुचाकीवर मागे बसून खड्ड्यांतून जाणे, ही सगळी कामे त्या काळापुरती थांबवावी लागतात. न्हाणीघरातील निसरडी फरशी हा सर्वांत मोठा धोका, कारण येथे पडणे म्हणजे नुसता मुका मार नव्हे. आणि एक अडचण मनाची असते. डोहाळजेवणाच्या दिवशी हिरव्या साडीतील लेक कुबड्या घेऊन पाटापर्यंत आली, की पाहुण्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे सांगायला नको. काही घरांत ते अपशकुनी मानून कुबड्या दाराआड ठेवल्या जातात. त्या दिवशी पाटाऐवजी खुर्ची ठेवली तर ओटी काही रिकामी राहत नाही.

मात्र भार टाळायचा म्हणजे अंथरुणाला खिळायचे, असाही अर्थ घेऊ नये. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि सलग पडून राहिल्यास पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. कुबड्यांच्या आधाराने घरातल्या घरात फिरणे, बसल्या जागी घोटे हलवणे, मांडीचे स्नायू आवळून सोडणे हे चालू ठेवावे. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली किंवा दम लागला, तर तातडीने डॉक्टरांकडे जावे.

वेदनाशामकांत पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक ही औषधांच्या दुकानात सहज मिळणारी औषधे मात्र टाळली पाहिजेत. विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळील महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीती असते. ‘कंबरदुखीची गोळी द्या’ असे म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणण्याची सवय येथे महागात पडू शकते.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यावेच लागते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीला चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या द्यायच्या असतात. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० एकक ड-३ जीवनसत्त्व असते. या गोळ्या जेवणासोबत घ्याव्यात आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, अन्यथा लोह नीट शोषले जात नाही. प्रत्यक्षात दोन्ही गोळ्या एकाच घोटात गिळून मोकळे होण्याचा प्रघात आहे. आहारात नाचणीला तोड नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगराळ पट्ट्यात ती पूर्वापार पिकते, शहरात मात्र ती मधुमेह्यांचे धान्य होऊन बसली आहे. तीळ, दूध, ताकही आहेतच. पण नाचणीची भाकरी खाऊन खुबा बरा होईल आणि कुबड्या टाकून देता येतील, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये.

हाडाची झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे, कॅल्सिटोनिन, टेरिपॅराटाइड यांचा वापर काही डॉक्टर प्रसूतीनंतर करतात. त्यामुळे दुखणे लवकर ओसरल्याचे अनुभव नोंदले गेले आहेत, पण ते थोड्या थोड्या रुग्णांवरचे आहेत. बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षे साठून राहते. पुढे पुन्हा दिवस जाण्याची शक्यता असलेल्या स्त्रीला ते देताना विचार करावा लागतो. मुळात आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात कोणते औषध किती उपयोगी पडले, हे ठरवणे सोपे नसते. हाडाला भोक पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया एव्हीएनमध्ये केली जाते; येथे सहसा तिची गरज नसते. कोणी ती सुचवल्यास दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घेण्यास संकोच करू नये.

बाळंतपण आणि त्यानंतर

खुबा दुखतो म्हणून सिझेरियनच करावे लागते, असे नाही. हाड मोडलेले नसेल तर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते आणि निर्णय मुख्यतः नेहमीच्या प्रसूतीविषयक कारणांवरच घेतला जातो. प्रसूतीच्या टेबलावर पाय जोराने फाकवू नयेत, शक्य तर कुशीवर झोपवून प्रसूती करावी, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. वेदनारहित प्रसूतीसाठी पाठीत इंजेक्शन दिलेले असेल तर अधिकच, कारण त्या वेळी पाय जास्त ताणला गेला तरी रुग्णाला कळत नाही. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांचे आपसांत बोलणे प्रसूतीच्या आधी व्हायला हवे.

मूल झाले की दुखणे लगेच जाईल, अशी समजूत असते. ते हळूहळू ओसरते. बहुतेक स्त्रियांना प्रसूतीनंतर दोन ते सहा महिन्यांत आराम पडतो, काहींना वर्षही लागते. आपल्याकडील सव्वा महिन्याच्या बाळंतिणीच्या विश्रांतीची प्रथा येथे उपकारकच ठरते. तिच्यातील एक भाग मात्र तपासून घ्यावा लागतो. मालीश करणाऱ्या बाईंनी मांडी घट्ट रगडणे, गुडघा पोटाकडे दाबणे, पाय बाहेरच्या बाजूला वळवणे हे खुबा बरा होईपर्यंत करू देऊ नये. तेलाचा हलका हात आणि शेक पुरे. डिंकाचे, हळिवाचे लाडू खुशाल खावेत. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याचे काम आजीचे, हे तर ठरलेलेच आहे. बाळाला कडेवर घेऊन येरझारा घालण्याचे कामही काही महिने तिच्याकडे किंवा बाळाच्या वडिलांकडे द्यावे.

अंगावर पाजावे की नाही, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. दुधावाटे रोज दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम जाते आणि पाजण्याच्या काळात आईच्या हाडांची घनता थोडी कमी होते, परंतु दूध तोडल्यावर ती भरून येते. केवळ खुब्याच्या तात्पुरत्या ठिसूळपणासाठी स्तनपान थांबवावे लागत नाही. मणके दबले असतील तर डॉक्टर ते थांबवण्याचा सल्ला देऊ शकतात. तो निर्णय तपासणीनंतर घ्यायचा, शेजारणीच्या अनुभवावरून नव्हे. पुढच्या गरोदरपणात त्याच किंवा दुसऱ्या खुब्याला हा त्रास पुन्हा होऊ शकतो. त्यामुळे जुना एमआरआय जपून ठेवावा आणि दुसऱ्या खेपेला पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवावा.

ज्यांना बसून राहणे परवडत नाही

भार टाकू नका, हा सल्ला शहरातील फ्लॅटमध्ये पाळता येतो. दोन्ही जिल्ह्यांतील सगळ्याच स्त्रियांना तो पाळता येत नाही. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णा-वारणेच्या काठी उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पोटुशी बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फळीवरून चढते, तेव्हा तिच्या खुब्यावर किती दाब येत असेल, याचा हिशेब वरच्या आकड्यांवरून वाचकांनीच करावा. तिला जांघेत दुखते हे ती कोणाला सांगणार, आणि सांगितले तरी तिला कुबड्या देऊन खोपीत कोण बसवणार? संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणारे पाच हजार रुपये हंगामाची मजुरी भरून काढू शकत नाहीत. फडावर जाणाऱ्या आशा सेविकेने लंगडणारी गर्भवती दिसताच तिला रुग्णालयात पाठवले, तर निदान हाड मोडण्याआधी ती डॉक्टरांसमोर पोहोचेल. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात गर्भवतीच्या तपासण्या, औषधे आणि ने-आण मोफत आहे, मग ती कोणत्याही जिल्ह्याची रहिवासी असो.

शेवटी, धोक्याची लक्षणे. आधीपासून दुखणाऱ्या खुब्यात एकाएकी तीव्र कळ आली, ‘कट्’ असा आवाज झाल्यासारखे वाटले, उभे राहता येईना, पाय आखूड झाल्यासारखा आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसू लागला, तर हाड मोडले असे धरून चालावे. अशा स्त्रीला उभे करून किंवा रिक्षात बसवून नेऊ नये, पाय चोळू अथवा ओढू नये. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून, डाव्या कुशीकडे थोडे कलते ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. प्रसूती आणि अस्थिशल्यक्रिया या दोन्हींची सोय एकाच छताखाली असलेल्या रुग्णालयातच तिला न्यावे. मानेचे हाड मोडल्यावर चेंडूचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, म्हणून शस्त्रक्रियेला जितका उशीर, तितका सांधा वाचण्याचा संभव कमी. आणि वाटेत डॉक्टरांना फोन करताना ती किती महिन्यांची गरोदर आहे, हे पहिल्या वाक्यात सांगावे.